खडकी स्टेशनवर गाड्या बघायला जाताना

दुपारी तीननंतर पुणे-लोणावळा मार्गावर गाड्या बघायच्या असतील तर खडकीला जा, आणि मुंबईकडे तोंड केल्यावर डाव्या हाताला येणारी बाजू धरा. ती पश्चिम बाजू, त्यामुळे ऊन पाठीशी राहतं आणि इंजिनाचा रंग फोटोत खुलून दिसतो. प्लॅटफॉर्म तिकीट दोनच तास चालतं, म्हणून त्यावरची वेळ बघून ठेवा. इंजिनावर पाच आकडी नंबराबरोबर त्याच्या शेडचं, म्हणजे त्याची देखभाल जिथे होते त्या ठिकाणाचं नाव लिहिलेलं असतं: कल्याण, अजनी, भुसावळ. वहीत दोन्ही टिपा, खरी मजा त्यातच आहे! लहान मुलं बरोबर असतील तर त्यांचा हात धरूनच ठेवा. न थांबणारी गाडी फार जवळून, जोरात जाते. पिवळ्या पट्टीच्या आतच राहा, रुळांवर कधीच उतरू नका.