मणके बसवून प्रतिकारशक्ती वाढते का? दावा असा तपासा

जळगावात किंवा धुळ्यात कुणी मणके ‘बसवून’ प्रतिकारशक्ती वाढवतो म्हणालं, किंवा आजाराचं ‘मूळ कारण’ शोधतो म्हणणाऱ्या फंक्शनल मेडिसिनच्या नावाने तपासण्यांचं पॅकेज पुढे केलं, तर पैसे देण्याआधी तो दावा कागदावर एका वाक्यात लिहा. कोणता आजार, कुणाला, किती कमी होतो? ‘इम्युनिटी सुधारते’ यात तिन्हींपैकी एकही उत्तर नाही. शिवाय आमवातात किंवा ॲलर्जीत ही प्रतिकारयंत्रणाच नको तिथे जोर करते, मग तिथे ‘वाढवायचं’ काय?

कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणके ‘बसवण्याचा’ हा उपचार, डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेत सुरू केलं. कंबरदुखीत त्याने काहींना आराम पडतो, हे खरं. पण प्रतिकारशक्ती वाढते याला विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही, असं वर्ल्ड फेडरेशन ऑफ कायरोप्रॅक्टिक या कायरोप्रॅक्टिकवाल्यांच्याच जागतिक संघटनेने मार्च २०२० मध्ये सांगितलं. कुणी अभ्यास दाखवलाच, तर मोजलंय काय ते बघा. उपचारानंतर काही तासांनी रक्तातला एखादा घटक वाढला, एवढ्यावरून माणूस कमी आजारी पडतो असं ठरत नाही. मानेला झटका दिल्यावर रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचित, पण आहेत. लहान मुलाची मान यासाठी कुणाच्या हातात देऊच नका.

सगळ्यात जास्त फसगत होते ती आयजीजी फूड पॅनेलमध्ये, म्हणजे खाण्याच्या पदार्थांविरुद्धची आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजणाऱ्या रक्ततपासणीत. रिपोर्टात पदार्थांची यादी आणि पुढे हिरवे, पिवळे, लाल पट्टे असतात. आयजीजी जास्त म्हणजे तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे, बहुतेकदा इतकंच. गहू, दूध, शेंगदाणे, केळी रोज खाणाऱ्या घरात नेमके हेच लाल निघू शकतात. अमेरिका आणि युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ही तपासणी करू नका म्हणतात. त्या रिपोर्टावरून वाढत्या पोराचं दूध, वरण-बट्टी, शेंगदाण्याची चटणी बंद केली, तर प्रथिनं आणि कॅल्शियम तुटतं.

आता इम्युनिटीच्या नावाने घेतलेल्या गोळ्या-पावडरींच्या बाटल्या. सगळ्या एका रांगेत मांडा आणि लेबलवरून झिंकची बेरीज करा. प्रौढांसाठी दिवसाला ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. तीन बाटल्यांत मिळून ती सहज ओलांडली जाते. महिनोन्महिने असं चाललं की शरीरातलं तांबं घटतं आणि पांढऱ्या पेशीही कमी होतात, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच मार. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी साधारण आठवड्यातून एकदा घ्यायची असते. बरेच दिवस रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

वर्षात दोनदा न्यूमोनिया, तोंडात येऊन हटता न हटणारा पांढरा थर, पुन्हा पुन्हा गळवं, ही लक्षणं मात्र अंगावर काढू नका. सिव्हिलला किंवा एमडी डॉक्टरांकडे जाऊन सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, एचआयव्ही आणि गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातली प्रतिपिंडं) तपासा. नंदुरबारमधल्या धडगाव, अक्कलकुव्याकडच्या आदिवासी कुटुंबातलं मूल वारंवार तापत असेल, तर आधी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करा. त्यात प्लीहा निकामी होत जाते, म्हणून जंतुसंसर्ग लवकर होतो. अशा मुलाला लस आणि वेळेवर औषध लागतं, पावडरचा डबा नाही.

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. म्हणून समोरच्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारा; ॲलोपॅथीचा असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळा. इन्सुलिन किंवा स्टेरॉइड बंद करा म्हणाला, तर ते सहीनिशी लिहून मागा आणि तो कागद तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत कुठलंच औषध थांबवू नका.