पीसी आणि मॉनिटरची वीजजोडणी: कोकणातल्या घरात या चुका टाळा

बावीस इंची एलईडी मॉनिटर जेमतेम २०-२५ वॅट खातो. म्हणून त्याची पिन मिळेल त्या सॉकेटात खुपसली जाते. पहिली चूक इथेच होते.

एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीच्या कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे २३० च्या निम्मे, म्हणजे साधारण ११५ व्होल्ट कॅबिनेटवर येतात. करंट अगदी थोडा, त्यामुळे हाताला नुसत्या झिणझिण्या जाणवतात. पण चालू मशीनला एचडीएमआय केबल लावताना हाच दाब पोर्टातून वाट काढतो. मग स्क्रीनवर 'नो सिग्नल' येतं आणि बिल फाटतं ग्राफिक्स कार्डाच्या नावावर. तेव्हा थ्री पिनची जाड पिन कापू नका, टू पिन कन्व्हर्टर लावू नका आणि दोन्ही यंत्रं एकाच धड बोर्डावर घ्या. व्हिडिओ केबल आधी, वीज नंतर.

अर्थिंग वायरमनकडून मल्टिमीटरने तपासून घ्या. फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. भार चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य दिसलं तर हुरळून जाऊ नका, सॉकेट उघडायला लावा. काही ठिकाणी न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या पिनेला मारलेला असतो. न्यूट्रल तुटला की पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर! कातळावरच्या घरांत मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक पडतो, त्यात पाणी घालत राहा.

खाऱ्या वाऱ्याने पितळी पिना हिरवट होतात. अशी पिन सॉकेटात सैल बसते, तापते, आणि मॉनिटर मधूनच काळा होतो. सॉकेट पिवळं पडलं असेल तर घासत बसू नका, बदला. चतुर्थीला घर उघडल्यावर मशीन लगेच चालू करू नये, आधी दमटपणा जाऊ द्यावा.

६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. त्यावर सीपीयू आणि मॉनिटर पुरे. लेझर प्रिंटर लावलात की तो गरम होताना यूपीएस ओव्हरलोडने बंद पडणार.

विजा कडाडू लागल्या की, मग तो जूनचा पाऊस असो वा परतीचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. गडगडाट जवळ येण्याआधीच पिना उपसा आणि राउटरकडून येणारी लॅनची वायरही काढा.