फॅशनमधली पहिली इंटर्नशिप किंवा नोकरी शोधताय? या चुका टाळा

अर्जावर अर्ज पाठवूनही साधं उत्तर येत नसेल, तर आधी पोर्टफोलिओ उघडून बघा. बहुतेकांच्या पोर्टफोलिओत रॅम्पवरच्या ड्रेसची रंगीत चित्रं भरपूर असतात, पण तो कपडा शिवायचा कसा, हे कुठेच नसतं. डिझायनरचा स्टुडिओ असो वा निर्यातीचा कारखाना, नवख्याच्या वाट्याला येतं ते मास्टरजींकडून (कटिंग-शिलाई करणाऱ्या कारागिरांकडून) सॅम्पल वेळेत करून घेणं, कापड-बटणं-चेन शोधून आणणं, मापं तपासणं. हे तुम्हाला जमेल, एवढंच समोरच्याला कळायला हवं असतं.

म्हणून एक तरी पूर्ण टेक पॅक, म्हणजे कपडा शिवण्यासाठी लागणाऱ्या सगळ्या सूचनांचा कागद, ठेवाच. साधा शर्ट घ्या. पुढची-मागची सपाट रेखाकृती, एम साइजचा मापांचा तक्ता, प्रत्येक मापात किती फरक चालेल (छातीच्या घेरात १ सेंमी कमी-जास्त, असं), शिलाईचा प्रकार, इंचाला किती टाके, कापडाचं जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन). बटणांपुढे नुसतं ‘पांढरी’ लिहू नका. १८ लाइन (बटणाच्या व्यासाचं माप), म्हणजे साधारण ११.५ मिमी, चार भोकांची, किती नग आणि वर एक जादा, असं लिहा. हे एक पान दहा चित्रांपेक्षा जास्त बोलतं.

फाइलमुळेही अर्ज मागे पडतात. १२ ते १५ पानांची पीडीएफ पुरे, १० एमबीच्या आत. ड्राइव्हची लिंक देणार असाल तर ती आधी इनकॉग्निटोमध्ये उघडून बघा. ‘परवानगी मागा’ असं दिसलं, की समोरचा पुढच्या अर्जाकडे वळतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे फक्त ‘फॅशन डिझायनर’ एवढाच शब्द टाकून शोधणं. असिस्टंट मर्चंडायझर (ग्राहक कंपनी आणि कारखाना यांच्यात ऑर्डरचा पाठपुरावा करणारा), सॅम्पलिंग कोऑर्डिनेटर, फॅब्रिक सोर्सिंग, ई-कॉमर्स कॅटलॉग, व्हिज्युअल मर्चंडायझिंग (दुकानातली मांडणी) हेही शोधा. परदेशी ब्रँडसाठी इथल्या कारखान्यांकडून माल करून घेणाऱ्या बाइंग हाउसेसना विसरू नका. मुंबईबाहेर जायची तयारी असेल तर होजिअरीसाठी तिरुप्पूर, शिवाय बेंगळुरू, गुरुग्राम, नोएडा इथे निर्यातीचं मोठं काम चालतं. फॅशन वीकमध्ये बॅकस्टेजला मॉडेल्सना तयार करायचं काम ओळखींसाठी चांगलं, पण ते चार दिवसांचं असतं. त्याला इंटर्नशिप समजू नका.

मुलाखतीला बोलावतात, पण पुढे काही होत नाही? मग कापडाचा अभ्यास कमी पडतोय. हातात तुकडा देऊन ‘हे काय आहे?’ असं विचारलं जातं. मुंबईत असाल तर मंगलदास मार्केटमधून किंवा हिंदमाताहून छोटे तुकडे आणा. प्रत्येकाचा १० बाय १० सेंमीचा चौकोन कापून ग्रॅममध्ये तोला आणि १०० ने गुणा, जीएसएम मिळालं. मग कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख मऊ राहते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. तुकडे कार्डावर चिकटवून खाली नोंदी करा आणि ती कार्डं मुलाखतीला न्या.

नोंदणी, ट्रेनिंग किंवा डिपॉझिटच्या नावाने पैसे मागितले, की तिथेच थांबा. रुजू होण्याआधी स्टायपेंड, कालावधी, कामाचे तास आणि केलेलं काम पोर्टफोलिओत दाखवता येईल का, हे ईमेलवर लिहून घ्या. बाजारात न आलेल्या सॅम्पलचा फोटो इन्स्टावर टाकलात, तर लागलेलं काम जाऊ शकतं. निवडीआधी टेस्ट म्हणून आख्खं कलेक्शन मागत असतील, तर दोन डिझाइन्स, कमी रिझोल्यूशनमध्ये, स्वतःचं नाव आडवं टाकून पाठवा.