मून स्कॅलप ओळखताय? या चुका टाळा

गोल, चपटा, हाताला गुळगुळीत लागणारा शिंपला. एक शिंप तांबूस-तपकिरी, दुसरी पांढरी. असा फोटो आला की शंख-शिंपल्यांच्या ग्रुपवर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: अम्युसियम प्लुरोनेक्टिस, म्हणजे आशियाई मून स्कॅलप (स्कॅलप म्हणजे दोन शिंपांचा, पोहू शकणारा समुद्री प्राणी). भारतापासून फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण समुद्रात ही जाती सर्रास सापडते, त्यामुळे उत्तर बऱ्याचदा बरोबरही निघतं. पण का बरोबर, हे विचारलं की सगळे गप्प.

गुळगुळीत दिसला की अम्युसियम

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती फक्त हौशी लोकांनी केलेली नाही. बाहेरून गुळगुळीत, थाळीसारखे चपटे स्कॅलप अभ्यासकांनीही अनेक वर्षं एकाच प्रजातीत (जीनस, जवळच्या जातींचा गट), म्हणजे अम्युसियममध्ये, टाकले होते. जपानकडचा जॅपोनिकम, ऑस्ट्रेलियातला बॅलोटी, मेक्सिकोच्या आखातातला पॅपिरेशियम, सगळे तिथेच. पुढे डीएनए तपासला तेव्हा कळलं की ही मंडळी एकमेकांची सख्खी नाहीतच. 2014 साली जॅपोनिकम आणि बॅलोटी यांच्यासाठी इलिस्ट्रम ही नवी प्रजाती करण्यात आली. अटलांटिकमधला पॅपिरेशियम आता युव्होलामध्ये मोडतो.

मग सगळे सारखे का दिसतात? कारण सगळे पोहतात, आणि चांगले पोहतात. स्कॅलप दोन्ही शिंपा पटापट मिटतो, बिजागरीच्या दोन्ही बाजूंनी पाण्याचा झोत मागे फेकतो आणि पुढे सरकतो. बहुतेक स्कॅलप एवढ्यावर थकून खाली बसतात. हे गुळगुळीत गडी मात्र दोन झोतांच्या मधल्या वेळातही पाण्यात तरंगत पुढे जातात. त्यासाठी बाहेरून घर्षण कमी हवं आणि शिंप हलकी हवी. ही गरज स्कॅलपच्या वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे निर्माण झाली आणि आकारही तसाच घडत गेला. म्हणजे गुळगुळीतपणावरून प्राण्याची राहणी कळते, नातं नाही.

बाहेरच्या रेघा मोजणं

हलकी शिंप मोडू नये म्हणून आतल्या बाजूने आरे असतात, होडीच्या आतल्या फासळ्यांसारखे. ओळख पटवायची ती यांच्यावरून. बाहेर दिसणाऱ्या बारीक रेघा नुसत्या रंगाच्या असतात. त्या मोजून काही उपयोग नाही. शिंप उलटी करा, आतली बाजू तिरक्या उजेडात धरा आणि आरे काठाजवळ मोजा. बिजागरीकडे ते पुसट होतात आणि आकडा चुकतो. प्लुरोनेक्टिसमध्ये ते साधारण पंचवीस-तीसच्या घरात असतात, इलिस्ट्रममध्ये बरेच दाट, चाळिशीच्या पुढेही. दोन्ही शिंपांचे आकडे वेगळे लिहा, कारण ते जुळतीलच असं नाही. एकच शिंप हाती लागली असेल तर ती कोणती, हे लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

डावी-उजवी रंगावरून ठरवणं

ताज्या शिंपल्यात हे चालतं. स्कॅलप उजव्या शिंपेवर पडून राहतो, म्हणून वरची रंगीत ती डावी आणि खालची पांढरी ती उजवी. पण वाळूत महिनोन्महिने उन्हाने विटलेली शिंप दोन्हीकडून पांढरीच असते. पुस्तकं सांगतात की उजव्या शिंपेच्या पुढच्या कानाखाली (कान म्हणजे बिजागरीच्या दोन बाजूंना असलेले चपटे भाग) खाच शोधा. इतर स्कॅलपमध्ये ती असते, पण प्रौढ मून स्कॅलपमध्ये ती जवळजवळ नाहीशी होते आणि दोन्ही कान सारखेच दिसतात. इथे अनेक विद्यार्थी अडकतात.

अशा वेळी स्नायूची खूण पाहा, म्हणजे शिंपा मिटणारा स्नायू आतून जिथे चिकटलेला होता तो डाग. बिजागरी वर आणि आतली बाजू आपल्याकडे अशी शिंप धरा. स्नायूचा मोठा गोलसर डाग मध्यापासून उजवीकडे सरकलेला असेल तर शिंप उजवी, डावीकडे असेल तर डावी. डाग पुसट असेल तर शिंप ओली करून पाहा.

खिडकीच्या शिंपल्याशी गल्लत

आपल्याकडे ही गल्लत हमखास होते. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्या अर्धपारदर्शक शिंपा लावलेल्या दिसतात, त्या प्लॅक्युना प्लॅसेंटाच्या. त्याही गोल, त्याही चपट्या. पण त्यांना कान नसतात, आरे नसतात, आणि आत बिजागरीपाशी एका टोकातून फाकत जाणारे दोन कंगोरे असतात. एकदा पाहिलं की पुन्हा चूक होत नाही, फक्त शिंप उलटी करायचे कष्ट घ्यावे लागतात.

वर्णन लिहिताना

बिजागरीपासून समोरच्या काठापर्यंतचं अंतर म्हणजे उंची. आडवं अंतर म्हणजे लांबी. मोठं माप ते लांबी, असं धरून लिहिलेल्या नोंदी मी भरपूर पाहिल्यात. शिंपला दुकानातून घेतला असेल तर ते गाव सापडण्याचं ठिकाण म्हणून लिहू नका. पर्यटनस्थळी विकायला ठेवलेला शिंपला कुठल्या समुद्रातला, हे सहसा विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि मापपट्टी ठेवून दोन्ही शिंपांचे आतून-बाहेरून मिळून चार फोटो काढा. ग्रुपवर येतो तो एकच असतो, तोही बाहेरचा.

शास्त्रीय नावापुढे जातीचं पहिलं वर्णन करणाऱ्याचं नाव आणि साल असतं; त्याभोवतीचा कंसही बरेच जण शोभेचा समजून गाळतात. अम्युसियम प्लुरोनेक्टिस (लिनियस, 1758) यातला कंस सांगतो की लिनियसने ही जाती दुसऱ्या प्रजातीत वर्णिली होती. त्याने हिला चक्क कालवांच्या ऑस्ट्रेआ प्रजातीत बसवलं होतं. इलिस्ट्रम बॅलोटी (बर्नार्डी, 1861) याचंही तसंच, तिथे मूळ प्रजाती पेक्टेन. बॅलोटीबद्दल काही शोधत असाल तर 2014 आधीच्या लेखांत आणि मासेमारीच्या अहवालांत तो अम्युसियम बॅलोटी म्हणूनच भेटेल, तेव्हा दोन्ही नावांनी शोधा.