आगीची पाहणी बाहेरून आत

आगीच्या धोक्याची पाहणी करायची म्हटलं की बरेच जण छापील फॉर्म घेतात आणि निम्मा खुर्चीत बसूनच भरून टाकतात. मी आधी असेंब्ली पॉइंटला जाऊन उभा राहतो, म्हणजे आग लागल्यावर सगळ्यांनी जिथे जमायचं त्या जागी. तिथून आत चालत जायचं, ते थेट सगळ्यात आतल्या टेबलापर्यंत. रोजच्या माणसाला आतून बाहेर जाणारी वाट मोकळीच वाटते. बाहेरून आलं की दिसतं, मागच्या जिन्याच्या दाराला टेकवून कुणीतरी दुचाकी लावलीय आणि दार जेमतेम वीतभर उघडतंय.

एक फेरी दिवसा, काम ऐन भरात असताना मारा. दुसरी अंधार पडल्यावर, जबाबदार माणसाला सांगून, दिवे बंद करून. एमर्जन्सी दिवे लागतात का, आणि त्यांच्या उजेडात पायऱ्यांच्या कडा दिसतात का, हे दिवसा कळत नाही.

माझा सगळ्यात जास्त वेळ दारांपाशी जातो. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात मार्च १९११ मध्ये आग लागली आणि १४६ कामगार गेले. तिथलं जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. आजही दाराला कुलूप का, असं विचारलं की उत्तर येतं, ‘चोऱ्या होतात’. होत असतील. मग आतून दांडी ढकलली की उघडणारं आणि उघडताच भोंगा वाजणारं कुलूप बसवा. किल्ली शेजारी खिळ्याला टांगलीय, हे मला चालत नाही. धुरात कुणाला खिळा सापडणार?

फायर डोअरची परीक्षा सोपी आहे. दार हातभर उघडून सोडून द्यायचं. ते आपणहून मिटून खटका पडला पाहिजे. खटका पडत नसेल तर दार आपोआप मिटवणारा डोअर क्लोजर दुरुस्तीला काढा. ही दारं धूर अडवायला असतात, आणि आगीत ज्वाळांपेक्षा धुरानेच जास्त माणसं दगावतात. दार उघडं राहिलं की जिना म्हणजे नुसतं धुराडं. वाऱ्यासाठी म्हणून ते पाचर मारून उघडं ठेवतात, आणि कित्येकदा ती पाचर म्हणजे चक्क आग विझवायचा एक्स्टिंग्विशर असतो!

आता आग लागते कुठून ते. टेबलाखाली वाका. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा आणि त्यावर किटली किंवा हीटर, हे हमखास सापडतं. प्लगला हाताची मागची बाजू हलकेच लावा. गरम लागला, किंवा भोकांभोवती प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसलं, तर तो बोर्ड लगेच वापरातून काढा. गुंडाळी असलेली केबल वापरताना पूर्ण उलगडा, गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही. वर्कशॉपमध्ये चिंध्यांकडे लक्ष ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग काडी न लावताही आपोआप तापून पेटतो. त्या झाकणाच्या लोखंडी डब्यातच टाकायच्या. वेल्डिंग आटोपल्यावर तासभर तरी कुणीतरी तिथे थांबून लक्ष ठेवावं, कारण ठिणगी फटीत शिरून बराच वेळ धुमसत राहते. आणि बॅटऱ्यांचं चार्जिंग बाहेर पडायच्या वाटेवर नको, म्हणजे नकोच.

एक्स्टिंग्विशर बघताना दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, पिन आणि सील शाबूत आहेत ना, ते पाहा. कार्बन डायऑक्साइडवाल्याला सहसा काटा नसतो, तो वजन करूनच तपासावा लागतो. लोकांना एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा: सहा किलोचा पावडरवाला अर्धा मिनिटही पुरत नाही. आग कचऱ्याच्या टोपलीएवढी असेल, आधी इतरांना सावध केलं असेल आणि सुटकेची वाट आपल्या पाठीमागे असेल, तरच हात घालायचा. पेटत्या तेलावर पाणी तर कधीच नाही. पाण्याची वाफ होताना ते सुमारे १,७०० पट फुगतं आणि पेटतं तेल चौफेर उडवतं.

मग माणसं. रात्री साफसफाईला कोण येतं, ऐकू कमी कुणाला येतं, जिना कुणाला उतरवत नाही, हे त्या माणसांनाच विचारा. लिफ्ट बंद असताना व्हीलचेअरवरच्या माणसाला कोण आणि कसं खाली आणणार, हे नावानिशी ठरलेलं हवं.

नोंदीत ‘धोका: मध्यम’ एवढंच लिहिलंत तर कुणी काही करणार नाही. ‘मागच्या जिन्याचं दार अडतं, पार्किंगची जागा हलवायची, अमुक माणूस, अमुक तारीख’ असं लिहा. नवी पार्टिशन पडली, मशीन आलं, माल साठवायची जागा बदलली, की ती बाजू पुन्हा चालून बघा.

ड्रिल, म्हणजे आग लागल्यावर बाहेर पडायचा सराव, घ्याल तेव्हा एका दारात ‘इथे आग आहे’ अशी पाटी धरून माणूस उभा करा. बरेच जण त्याच्या अंगावरून तिथूनच जायला बघतात, कारण रोजची वाट तीच. त्यांना दुसरं दार माहीत आहे का, ते तेव्हाच कळतं. आणि बाहेर हजेरी घेताना पाहुण्यांची वही कुणी आणलीय का, तेही विचारा. ती बहुधा आतच राहिलेली असते.