हाकेच्या अंतरावरची जमीन

पुण्याभोवती घर आणि शेतीसाठी जागा बघायला निघताना गाडीत चाळीस हात दोरी, एक कुदळ आणि धुतलेली रिकामी बाटली टाका. आणि निघायचं ते मे महिन्यात. पावसाळ्यात पुण्याहून पानशेत, वेल्हे किंवा मुळशीकडं गेलं की प्रत्येक कड्यावरून पाणी पडत असतं आणि माणूस तिथल्या तिथं विसार देऊन मोकळा होतो. आम्ही ऑक्टोबरात दिला. मार्चमध्ये विहिरीत सोडलेली बादली खडकावर खणखणली, तो आवाज अजून कानात आहे.

इथला सगळा काळा पाषाण. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. उतारावर कितीही कोसळलं तरी धरून ठेवायला खाली जागाच नसेल, तर ते दिवाळीपर्यंत नदीला मिळालेलं असतं. म्हणून धो धो पावसाच्या मावळपट्ट्यातही उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाड्या आहेत. तेव्हा दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा आणि ओला झालेला भाग हातानं मोजा. शेजारच्या दोन-तीन विहिरींवरही हेच करा. मोटर किती वेळ चालते आणि उपसल्यावर विहीर पुन्हा कधी भरते, हे मालकाला न विचारता पाणी भरणाऱ्या बाईला विचारा. बोअर पाचशे फूट नेलीय असं कुणी कौतुकानं सांगितलं, तर ती काळजीची खूण समजा. बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत तपासायला द्या.

छपराचा हिशेबही आधीच करा. शंभर चौरस मीटर छपरावर पुणे शहराइतका, म्हणजे साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडला, तरी 70,000 लिटर पाणी होतं. वाया जाणारं सोडून 56,000 तरी हाती लागतं. चौघांना पिण्या-रांधायला रोज 40 लिटर धरलं तर वर्षाला लागतात 14,600. म्हणजे पंधरा-वीस हजार लिटरची झाकलेली टाकी असेल, तर विहीर आटली तरी घर तहानेलं राहत नाही. सिंहगडावरचं देवटाकं बघून या. गडावर माणसं राहिली ती अशा कातळात खोदलेल्या टाक्यांच्या जोरावर.

कुदळीनं गुडघाभर खड्डा घ्या. वीतभर मातीखाली मुरूम लागला तर भाजीपाल्याची आशा कमी, झाडांची ठेवा. भात हवा असेल तर मावळ-भोरकडं बघा. ज्वारी-बाजरी, अंजीर, सीताफळ हवं असेल तर पुरंदर.

डोंगराच्या कुशीतली सपाट जागा फार मोहात पाडते. आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव असंच डोंगराखाली होतं, 30 जुलै 2014 ला त्यावर दरड कोसळली. दीडशेहून जास्त माणसं गेली. वरच्या उतारावर भेगा, कललेली झाडं, एकाएकी गढूळ झालेला झरा किंवा जेसीबीनं नुकतंच कापलेलं सपाटीकरण दिसलं, तर स्वस्त मिळाली तरी ती जमीन सोडा. नदीकाठी असेल तर पूररेषा तपासा आणि धरणाच्या खाली आहोत का तेही बघा. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी थेट पुण्याच्या पेठांत शिरलं होतं.

कागदांत घाई नको. शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर शेतजमीन सहजासहजी नावावर होत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन, असं आहे का, इतर हक्कात कूळ किंवा कर्जाचा बोजा आहे का, जुने फेरफार काय सांगतात, हे वकिलाकडून वाचून घ्या. रिंग रोड किंवा पुरंदरच्या विमानतळाच्या भूसंपादनात जमिनीचा गट नंबर येतो का तेही विचारा. सरकारी मोजणीशिवाय खरेदीखत नको. आणि वाट? वाट कागदावर हवी. आम्हाला दाखवलेली वाट विकणाऱ्याच्या चुलतभावाच्या बांधावरून जात होती. तिसऱ्या वर्षी तिच्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या आणि आम्ही तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवू लागलो.

आता राखणीचं. शहरातून येणाऱ्याला सुरक्षित म्हणजे एकांत वाटतो, आम्हालाही वाटायचा. पण एकट्या घराची मोटर आणि केबल पहिल्या उन्हाळ्यात चोरीला जाते, आणि ते कुणी बघितलेलंही नसतं. वाडीच्या दृष्टीच्या टप्प्यात असलेल्या घराला वाडीच राखते. कुंपणाला शेर, घायपात किंवा सागरगोटा लावा, रानडुकरांसाठी सौरकुंपण घाला. तारेत घरची वीज कधीच सोडू नका, माणसं मरतात. जुन्नर-आंबेगावकडं उसाला खेटून घर बांधू नका, बिबट्याची मादी उसातच पिल्लं वाढवते. फेब्रुवारीनंतर वणवे लागतात, म्हणून घराभोवतीचं गवत दिवाळी सरताच कापून रुंद पट्टा मोकळा ठेवा. घोणस आणि फुरसं इथं असतातच. साप चावल्यावर द्यायचं प्रतिविषाचं इंजेक्शन कुठल्या सरकारी दवाखान्यात रात्रीही मिळतं हे विचारा आणि तिथवरचा रस्ता एकदा भर पावसात स्वतः गाडी चालवून बघा.

विजेचं थोडक्यात: सोलर घ्या, पण जुलै-ऑगस्टमध्ये मावळात आठवडाभर ऊन पडत नाही हे धरूनच बॅटरी निवडा. तीन-चार जनावरं असतील तर गोबरगॅसवर दोन वेळचा स्वयंपाक निघतो.

विसार देण्याआधी एक रात्र तिथं काढा. अंधार पडल्यावर हद्दीच्या दगडावर उभं राहून मोठ्यानं हाक मारा. जवळ वस्ती असेल तर कुणाचं तरी कुत्रं भुंकेल, बॅटरी चमकेल, "कोण हाय रं?" असं कुणीतरी विचारेल. त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा, चहा घ्या, विहिरीचं आणि वाटेचं त्यांच्या तोंडून ऐका. किमतीचं बोलणं त्यानंतर.