लंडनमधल्या आपल्या गल्लीचा बॉम्ब-नकाशा कसा बनवावा

लंडनच्या जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लावून उभी असलेली विटांची घरं एकाला झाकावं आणि दुसरं काढावं अशी असतात. मध्येच दोन-तीन घरं वेगळ्या घडणीची दिसतात, तोंडात कवळीचे दात बसवल्यासारखी. तिथं दुसऱ्या महायुद्धात बहुधा बॉम्ब पडला होता. त्यातला 'बहुधा' काढून टाकायचा असेल तर नकाशा करावा लागतो. सुरुवात एकाच गल्लीपासून करा. 'अख्खं लंडन करतो' म्हणणारे पहिल्याच आठवड्यात कंटाळतात.

आधी काळ ठरवा. मुख्य मारा तीन टप्प्यांत झाला. ७ सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात जर्मन विमानांतून बॉम्ब पडले, तो ब्लिट्झ. १३ जून १९४४ पासून व्ही-१ हे उडते बॉम्ब आले आणि ८ सप्टेंबर १९४४ ते २७ मार्च १९४५ दरम्यान व्ही-२ रॉकेटं. तिन्हींना वेगळे रंग द्या, नाहीतर नुसती गोवर उठल्यासारखा नकाशा दिसेल.

मग साधनं गोळा करा. दोन नकाशे मुख्य. पहिला सरकारी बॉम्ब-गणनेचा, म्हणजे कुठं काय पडलं त्याच्या नोंदीचा. तो क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहे आणि 'बॉम्ब साइट' या प्रकल्पानं त्यातले ठिपके इंटरनेटवर आणले आहेत. दुसरा लंडन काउंटी कौन्सिलचा, म्हणजे तेव्हा लंडनचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या संस्थेचा. हा बॉम्ब कुठं पडला यापेक्षा घराचं काय झालं ते सांगतो, आणि माझा जीव या नकाशावर जास्त आहे. काळा रंग म्हणजे घर पूर्ण उद्ध्वस्त, जांभळा म्हणजे दुरुस्तीपलीकडे, गडद लाल म्हणजे दुरुस्ती होईल की नाही शंका, फिका लाल म्हणजे खर्च केला तर उभं राहील, नारिंगी म्हणजे हादऱ्याचं सर्वसाधारण नुकसान, पिवळा किरकोळ. मोठं वर्तुळ व्ही-१चं, लहान व्ही-२चं.

इथंच बहुतेक जण फसतात. ठिपका नाही म्हणजे बॉम्ब पडला नाही, असं धरून चालतात. 'बॉम्ब साइट'चा एकत्रित नकाशा ७ ऑक्टोबर १९४० पासून सुरू होतो. म्हणजे ब्लिट्झचा पहिला अख्खा महिना, ईस्ट एंड आणि गोद्या पेटल्या तो महिना, त्यात नाहीच. काउंटी कौन्सिलचा नकाशा तिच्या हद्दीपुरता. लंडनवरचं पहिलं व्ही-२ चिझिकच्या स्टेव्हली रोडवर पडलं, पण चिझिक तेव्हा शेजारच्या मिडलसेक्स काउंटीत, त्यामुळे ते त्या नकाशावर सापडणार नाही. आपली मराठी मंडळी राहतात ते हॅरो-वेम्बलीही हद्दीबाहेरच. तिथल्यांनी स्थानिक अभिलेखागारात हवाई हल्ला संरक्षण विभागाच्या नोंदवह्या मागून पाहाव्यात. वर्तमानपत्रांवर फार विसंबू नका. सेन्सॉरमुळे नेमकं ठिकाण छापत नसत, 'दक्षिण लंडनमधला एक भाग' एवढंच.

आता स्प्रेडशीट उघडा आणि रकाने पाडा: तारीख, वेळ, बॉम्बचा प्रकार, तेव्हाचा पत्ता, आजचा पत्ता, नोंद कुठून घेतली, आणि शेवटी 'किती खात्री'. पत्त्यांचे दोन रकाने लागतातच. एकाच नावाचे अनेक रस्ते होते म्हणून युद्धाच्या आधीच्या काही वर्षांत कौन्सिलनं बरीच नावं बदलली, आणि पुनर्बांधणीत घरांचे क्रमांकही हलले. एकच बॉम्ब दोन कागदांत भेटला तर दोन ओळी करू नका. आगलावे बॉम्ब जेमतेम किलोभराचे, पण हजारोंनी पडायचे. त्यांच्यासाठी ठिपके न देता जळालेला भाग रंगवा.

नकाशा जुळवायला क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरे. जुन्या नकाशाची प्रतिमा घेऊन तिच्यावरचे सहा-आठ बिंदू आजच्या नकाशावरच्या त्याच बिंदूंना बांधा. चर्चचा कोपरा, रेल्वेचा पूल, कालव्याचं वळण धरा. चौक टाळा, ते पुढं रुंद झालेले असतात. बिंदू चारी कडांना पसरलेले हवेत, सगळे मधोमध घेतले तर कडा वाकड्या येतात.

नेमकेपणाची हौस आवरा. गणनेच्या सहा इंचाला एक मैल या प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर सुमारे साडेदहा मीटर. टाकाचा २ मिलिमीटरचा ठिपका चार अरुंद घरं झाकतो. त्यामुळे 'बॉम्ब २७ नंबरवर पडला' असं त्या ठिपक्यावरून लिहू नका. कौन्सिलच्या १:२५०० नकाशाचा रंग त्याच्याशी ताडून बघा, तिथं १ मिलिमीटर म्हणजे अडीच मीटर.

मग पायी फिरून या. पण नवी इमारत दिसली की लगेच बॉम्ब, असं नाही. कौन्सिलच्या नकाशावर हिरवा रंग असेल तर ती जागा पाडून मोकळी करायची म्हणून आखलेली होती.

राष्ट्रकुल युद्ध-समाधी आयोगाच्या यादीत मृत नागरिकांच्या नोंदी तारखेसह आहेत. त्यांत काही वेळा राहतं घर वेगळं, जखमी झाले ती जागा वेगळी आणि प्राण गेला ते इस्पितळ वेगळं. ठिपका द्यायचा तो जखमी झाले त्या जागेला. नावं नकाशावर छापण्याची घाई नको, त्यांची मुलं-नातवंडं आजही आसपास असू शकतात.

शेवटी, ज्या भागाच्या किंवा महिन्याच्या नोंदीच मिळाल्या नाहीत तो भाग कोरा सोडू नका. त्यावर तिरप्या रेघा मारा आणि सूचीत लिहा: 'नोंद उपलब्ध नाही'.